अकारविल्हे शेती

सोसायटीच्या सेक्रेटरींनी जिन्यात गाठून जी बातमी दिली, ती ऐकून फाईलकाकांच्या हातातली भाजीची पिशवी निसटली आणि टोमॅटो दोन मजले खाली गेले. बातमी तशी भयंकर नव्हती. गेटवरचा म्हातारा वॉचमन आठ महिन्यांनी काम सोडून मुलाकडे राहायला जाणार होता आणि त्याच्या जागेवर यायला एक माणूस तयार झाला होता. माणूस प्रामाणिक, निर्व्यसनी, अंगाने दणकट, आवाज खणखणीत. सगळ्या कमिटीला तो पसंत होता. अडचण एवढीच होती की तो फाईलकाकांचा सख्खा मेहुणा होता.

"वहिनींचा भाऊ म्हटल्यावर चौकशीचा प्रश्नच येत नाही," सेक्रेटरी म्हणाले. "घरचाच माणूस गेटवर बसणार, आणखी काय पाहिजे?"

फाईलकाकांना आणखी बरंच काही पाहिजे होतं. तेहतीस वर्षं त्यांनी एका मोठ्या कचेरीची रेकॉर्ड रूम सांभाळली होती. साहेब बदलले, पंखे बदलले, उंदरांच्या कित्येक पिढ्या झाल्या; पण कुठलाही कागद मागा, काका तो चार मिनिटांत काढून देणार. निरोप समारंभात मोठ्या साहेबांनी त्यांना 'आमची चालतीबोलती अनुक्रमणिका' म्हटलं होतं, आणि हे वाक्य काकांनी बिल्डिंगमध्ये इतक्यांदा सांगितलं की लोकांनी कंटाळून त्यांचं नावच फाईलकाका ठेवलं. अशा माणसाचा मेहुणा त्याच्याच गेटवर निळ्या कपड्यांत बसणार. काका येता-जाता तो उठून उभा राहणार. उभा राहिला तर वाईट, आणि नाही राहिला तर त्याहून वाईट.

घरी काकू शेंगा निवडत बसल्या होत्या. त्यांना सगळं आधीच माहीत होतं, कारण बायकांना सगळं आधीच माहीत असतं.

"तो तरी काय करणार?" त्या म्हणाल्या. "दीड एकर जमीन, तीही उतरती. वरच्या अंगाला खडक, खालच्या अंगाला दलदल. एकटा माणूस किती वर्षं डोकं फोडणार? बाबांनी विहीर खणली तेव्हा मी डोक्यावरून माती वाहिली होती, अहो. आता तिथे कुसळं उगवतील."

एवढं बोलून त्या निवडलेल्या शेंगा पुन्हा निवडू लागल्या. फाईलकाकांना बायकोच्या रडण्याची सवय होती, पण न रडता शेंगा निवडण्याची नव्हती. मेहुणा शेत सोडणार नाही, ते मी बघतो, असं ते बोलून गेले. आपण नेमकं काय बघणार आहोत हे मात्र त्यांना स्वतःला ठाऊक नव्हतं.

ते त्यांना दातांच्या डॉक्टरकडे कळलं. तिथे टेबलावर सिनेमाच्या मासिकांखाली एक पुस्तिका पडली होती: 'औषधी व सुगंधी वनस्पती – लहान शेतकऱ्याचे वाढते उत्पन्न'. मुखपृष्ठावर एक शेतकरी हिरव्या झुडपांत उभा राहून असा हसत होता, की त्याचे दात बघून ती पुस्तिका डॉक्टरांनीच छापली असावी असं वाटावं. काकांनी ती आधी इंजेक्शनची वाट बघताना वाचली आणि नंतर अर्धा जबडा बधिर असताना पुन्हा वाचली. थोडी जमीन, थोडं पाणी, आणि झाडाच्या पाल्यामुळांना साबणवाले, अत्तरवाले, औषधवाले मागे लागलेले. ही पुस्तिका घरी नेऊ का, असं त्यांनी डॉक्टरांना विचारलं. बधिर जबड्यातून ते भलतंच काही निघालं असावं, कारण डॉक्टरांनी त्यांना मान हलवून दिलासा दिला आणि आणखी एक गोळी लिहून दिली.

बिल्डिंगमध्ये औषधी वनस्पतींवरचे अधिकारी पुरुष म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे कंपाउंडर. चाळीस वर्षं त्यांनी बाटल्यांना लेबलं चिकटवली होती. जिवंत झाड त्यांनी फारसं पाहिलेलं नव्हतं, पण अर्क, चूर्ण आणि वटी या तीन अवस्थांमध्ये त्यांना जगातलं प्रत्येक झाड ओळखू येत असे.

"अश्वगंधा लावा," ते म्हणाले. "शक्तीला उत्तम. ब्राह्मी लावा, बुद्धीला. शतावरी लावा."

"शतावरी कशाला?"

"ते तुम्हाला आता सांगून उपयोग नाही," कंपाउंडर म्हणाले, आणि काकांचा तिथल्या तिथे अपमान झाला.

तरीही यादी झाली. एकूण नऊ वनस्पती. यादी बघून फाईलकाकांचे हात शिवशिवले. त्यांनी ती फाडली आणि नीट अकारविल्हे पुन्हा लिहिली: अश्वगंधा, कोरफड, गवती चहा, जिरेनियम, पुदिना, ब्राह्मी, वाळा, वेखंड, शतावरी. मग त्यांनी नऊ पत्र्याच्या पाट्या रंगवून घेतल्या, प्रत्येकीवर नाव आणि क्रमांक घातला, आणि पुढच्या गुरुवारी त्या बगलेत मारून बसने सासुरवाडीला गेले. गुरुवारी, कारण गुरुवारी बसला गर्दी नसते.

मेहुणा बांधावर बसून विळ्याला धार लावत होता. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तो जात्याच कमी बोलणारा, त्यात थोरल्या बहिणीचा नवरा समोर.

"करून बघू, भाऊजी," तो म्हणाला. "फक्त एक. कुठल्या झाडाला ओल लागते, कुठल्याला कोरडं लागतं, ते बघून जागा ठरवूया का?"

"जागा ठरलेली आहे," काका म्हणाले. "उद्या एखादा व्यापारी आला आणि म्हणाला, वेखंड दाखवा, तर तू काय शेतभर शोधत फिरणार? आठव्या पट्ट्यात वेखंड. संपलं. तेहतीस वर्षांत मी एक कागद हरवू दिलेला नाही."

मेहुण्याने धार बघितली, विळा बाजूला ठेवला आणि पहार आणायला गेला. फाईलकाकांनी रस्त्याकडून पट्टे आखायला सुरुवात केली. कुठल्याही रेकॉर्ड रूममध्ये 'अ'चं कपाट दारालगत असतं, आणि शेताला दार म्हणजे रस्त्याकडची बाजू. रस्ता खालच्या अंगाला होता. त्यामुळे ज्यांच्या मुळांना पाणी साचलेलं चालत नाही ती अश्वगंधा आणि कोरफड दलदलीत गेली. आणि ज्यांना पाय पाण्यात सोडून बसायला आवडतं ते ब्राह्मी, वाळा आणि वेखंड सरळ खडकावर चढले. नुसती उलट्या टोकाने सुरुवात केली असती तरी निम्मंअधिक काम आपोआप जमलं असतं, हे मेहुण्याच्या तेव्हाच ध्यानात आलं होतं. पण पाट्या ठोकून झाल्या होत्या आणि भाऊजी इतके खूश होते की त्याला बोलवेना.

रोपं फुकट मिळणार होती, पण सरकारी रोपवाटिकेतून, आणि रोपवाटिका नोंद झालेल्या पिकालाच रोपं देत असे. मग फाईलकाका पीकनोंदणी कार्यालयात गेले. सरकारी इमारतीत शिरताना त्यांची छाती आपोआप पुढे येत असे. तीन नंबरच्या खिडकीत एक बाई होत्या. त्यांच्या फॉर्मवर धान्य, कडधान्य, भाजी, फळ आणि चारा असे पाच रकाने होते. औषधाला रकाना नव्हता.

"औषध असेल तर आरोग्य खातं," खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

आरोग्य खात्यात त्यांना पेशंटचं नाव विचारलं. काकांनी पेशंट नसून पीक आहे असं सांगितल्यावर, रोग पडलाय का, असं विचारलं. रोग नाही, अजून पीकच नाही, म्हटल्यावर तिथल्या माणसाने पेन खाली ठेवून त्यांच्याकडे सहानुभूतीने पाहिलं आणि पाणी प्यायला दिलं. संध्याकाळी काका पुन्हा तीन नंबरच्या खिडकीशी उभे राहिले.

"यातलं सगळ्यात जास्त काय लावणार?" बाईंनी विचारलं.

"गवती चहा."

"मग सोपं आहे. जवळचा रकाना," म्हणून बाईंनी दीड एकर जमीन चाऱ्याच्या रकान्यात टाकली आणि शिक्का मारला.

वास्तविक इथे काकांनी हरकत घ्यायला हवी होती. पण 'जवळचा रकाना' ही पद्धत त्यांच्या कचेरीत त्यांनी स्वतः रूढ केली होती. तिच्या जोरावर त्यांनी एकदा हरवलेल्या हत्तीचा अर्ज 'वाहने' या सदरात लावला होता आणि तो पुढे सापडलाही होता. अर्ज, हत्ती नव्हे. आपली पद्धत परक्या कार्यालयात चालताना बघून त्यांना भरून आलं. त्यांनी बाईंच्या अक्षराचं कौतुक केलं आणि घरी आले.

दोन महिने बरे गेले, म्हणजे काकांच्या दृष्टीने. दलदलीतली अश्वगंधा आधी पिवळी पडली आणि मग आडवी झाली. कोरफड फुगली, मऊ पडली, आणि एका गुरुवारी हात लावल्यावर हातातच आली. पुदिना मात्र जोरात होता. पण त्याला हद्द मान्य नव्हती. पाच नंबरातून निघून तो चार नंबरात शिरला आणि जिरेनियमच्या मानगुटीवर बसला. काका दर गुरुवारी त्याला उपटून त्याच्या जागी नेऊन लावत, आणि पुढच्या गुरुवारी तो परत जिरेनियममध्ये हजर असे. असला अनुशासनहीन कर्मचारी त्यांनी नोकरीत एकच पाहिला होता, आणि तो पुढे साहेब झाला.

ब्राह्मीची तऱ्हा वेगळी. ती खडकावर तडफडत होती. काकांनी खड्डा खणवला, त्यात प्लास्टिकचा कागद अंथरला आणि खालच्या विहिरीवरून दोन-दोन बादल्या पाणी वर न्यायला सुरुवात केली. मेहुणा म्हणाला, मी नेतो. काका म्हणाले, हा माझा प्रयोग आहे. चुकलं असं ते म्हणाले नाहीत, पण बादल्या मात्र दुसऱ्याच्या हातात दिल्या नाहीत. चढावर ते तीन ठिकाणी थांबत आणि थांबलो नसून निरीक्षण करतोय असं दाखवत. बांधापलीकडे जिची पाऊण एकर होती ती मावशी आणि आणखी तीन शेतकरी कामं सोडून हे बघत उभे राहत. त्यांनाही मेहुण्यासारखंच शेत परवडेनासं झालं होतं. पाहुण्याचं जमलं तर आपणही लावू, असं चौघांचं ठरलं होतं. त्यामुळे ते दर गुरुवारी आशेने येत आणि दर गुरुवारी नाराज होऊन जात.

तिसऱ्या महिन्यात म्हैस आली.

म्हैस एकटी नव्हती. तिचा मालक बरोबर होता आणि त्याच्या हातात कागद होता. मेहुणा तेव्हा विहिरीवरची मोटर दुरुस्तीला घेऊन गेला होता आणि शेतावर काका एकटेच होते. गावाचा जुना नियम असा होता की ज्या जमिनीची नोंद चाऱ्याला असेल तिथे महिन्यातून एक दिवस गावातलं कुणाचंही जनावर चरू शकतं. म्हैसवाल्याने कार्यालयातून उतारा काढून आणला होता. फाईलकाकांनी चष्मा लावला. उतारा त्यांनी वरून खाली वाचला, मग खालून वर वाचला. सही होती, शिक्का होता, तारीख होती, जावक क्रमांक होता. इतका निर्दोष कागद त्यांनी निवृत्तीनंतर पाहिला नव्हता.

"कागद बरोबर आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने काट्यांचं फाटक उघडलं.

म्हैस आत शिरली. तिने गवती चहाला तोंड लावलं, चावलं, थांबली, आणि आपली काही तरी फसवणूक झाली आहे अशा नजरेने मालकाकडे पाहिलं. मग तिने तो थुंकला आणि पुदिना हुंगून शिंकली. जिरेनियमला तर तिने लांबूनच पाठ दाखवली. आणि मग, चार पट्टे तुडवत, ती सरळ वर गेली आणि ब्राह्मीच्या खड्ड्यात बसली. दोन महिने वाहून नेलेल्या पाण्यात ती डोळे मिटून, मान टाकून, अशी निवांत बसली की मालकाने ओढली, काकांनी ढकलली, तरी दुपार कलेपर्यंत हलली नाही. शेवटी उठली ती वाळा आणि वेखंड तुडवून, शतावरीच्या काट्यांना अंग घासून, आठ नंबरची पाटी शिंगाला अडकवून गेली. त्या दिवशी गावात 'वेखंड' लिहिलेली म्हैस हिंडत होती.

मेहुणा आला तेव्हा फाईलकाका बांधावर बसले होते. धोतर असतं तर त्याला चिखल लागला असता. पँट असल्यामुळे ती पूर्णच चिखलाची झाली होती. मेहुण्याने त्यांना पाय धुवायला पाणी दिलं आणि बसपर्यंत सोडायला गेला. बसमध्ये कंडक्टरने त्यांना मागच्या सीटवर बसायला सांगितलं. तेहतीस वर्षांत त्यांना कुणी मागे बसायला सांगितलं नव्हतं.

हे बिल्डिंगमध्ये पसरायला वेळ लागला नाही. सेक्रेटरी म्हणाले, कशाला त्रास घेता, गेटवरची खोली हवेशीर आहे. कंपाउंडर म्हणाले, म्हशीची बुद्धी आता वाढणार. काकूंनी पँट तीन पाण्यांतून काढली आणि बुधवारी संध्याकाळी इस्त्री करून खुर्चीवर ठेवली.

आणि गुरुवारी फाईलकाका पुन्हा गेले. जाऊन करायचं काय, हे त्यांना माहीत नव्हतं. पण गुरुवार होता.

गंमत अशी की त्या म्हशीने जे केलं ते पुस्तिकेला जमलं नव्हतं. मावशी बांधावर वाटच बघत होती. "पाहुणे, म्हैस ज्याला तोंड लावत नाही, असलं पीक मला पाहिजे," ती म्हणाली. "माझं निम्मं रान जनावरंच खाऊन जातात." मागचे तिघे माना हलवत होते. चौघांनी रोपवाटिकेतून गवती चहाचे ठोंब आणून आपापल्या रानात लावले. कोणी अकारविल्हे लावले नाहीत. काकांना ते थोडं लागलं, पण आनंदाच्या मानाने कमी.

सहाव्या महिन्यात गवती चहा कापणीला आला. काकांच्या पत्राला साबणवाल्या कारखान्याचं उत्तर आलं की पाला नको, तेल पाठवा, आधी नमुना. तेल काढायची भट्टी दोन तालुके ओलांडून होती. कंपाउंडर म्हणाले, भट्टी कशाला, तत्त्व एकच आहे: वाफ करा, वाफ गार करा. तत्त्व म्हटलं की काकांना राहवत नसे. त्यांनी एक भारा बसच्या टपावरून घरी आणला. काकूंचा मोठा प्रेशर कुकर घेतला, शिट्टी काढून तिथे कंपाउंडरांची रबरी नळी बसवली, नळी बर्फाच्या बादलीतून फिरवली आणि टोक काचेच्या बरणीत सोडलं.

पहिली दहा मिनिटं काही झालं नाही. अकराव्या मिनिटाला नळी निसटली आणि स्वयंपाकघरात वाफेचा असा फवारा उडाला की समोरची भिंत दिसेना. कंपाउंडर टेबलाखाली गेले. काकांनी हातात टॉवेल घेऊन, डोळे मिटून, नळी पुन्हा बसवली. तोपर्यंत वास जिन्यातून वर आणि खाली गेला होता. पहिल्या मजल्यावरच्यांनी गॅस गळतोय म्हणून सिलिंडर बंद केला, चौथ्या मजल्यावर कुणाची तरी सर्दी मोकळी झाली, आणि सेक्रेटरी 'निवासी जागेत कारखाना' या विषयाची लेखी नोटीस घेऊन दारात उभे राहिले. फाईलकाकांनी नोटीस घेतली, तिच्यावर जावक क्रमांक नाही म्हणून परत केली, आणि दार लावलं. संध्याकाळपर्यंत बरणीत चमचाभर पिवळसर तेल जमलं. काकू, कंपाउंडर आणि काका तिघे ते उजेडाला धरून बराच वेळ बघत बसले.

पंधरा दिवसांनी कारखान्याचा अहवाल आला. 'रंग: समाधानकारक. मुख्य गंध: उत्तम. दुय्यम गंध: कांदा, लसूण, रबर. नमुना नामंजूर.'

काकूंच्या कुकरची वीस वर्षांची सेवा त्या एका ओळीत नमूद झाली होती. फाईलकाकांनी अहवाल दोनदा वाचला आणि आयुष्यात पहिल्यांदा एक कागद कुठल्याही फाईलला न लावता उशीखाली ठेवला. त्यानंतरचे काही गुरुवार ते शेतावर जात, तण काढत, मेहुण्याकडून आठवड्याचा हिशेबवार वृत्तान्त ऐकत. पण कारखान्याचं नाव काढत नसत. मेहुणाही विचारत नसे. मावशी एकदा म्हणाली, आमचंही आता कापायला आलं. काकांनी ढगांकडे बघितलं.

आणि आठवा महिना संपला. म्हातारा वॉचमन उद्या जाणार, अशी पाटी नोटीस बोर्डावर लागली. फाईलकाकांनी सकाळी कपडे केले. गुरुवार नव्हता, मंगळवार होता.

"कुठे निघालात?" काकूंनी विचारलं.

"त्याला आणायला. त्याने आपणहून यावं हे बरं दिसत नाही. मी स्वतः घेऊन येईन. आणि गेटवर तो उभा राहिला, तर मीही थांबून दोन शब्द बोलेन. रोज." एवढं बोलून त्यांनी चपला उलट्या पायांत घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. "मला जमलं नाही गं," ते म्हणाले. "मी बघतो म्हणालो होतो."

काकू काही तरी बोलणार होत्या, पण थांबल्या. "जाऊन या," एवढंच म्हणाल्या. त्यांचा चेहरा काकांना हसरा वाटला, आणि त्याचा त्यांना रागही आला.

बस मंगळवारी खरंच गच्च भरलेली होती. काका उभ्याने गेले. वाटभर ते मेहुण्याशी बोलायची वाक्यं जुळवत होते. 'हे बघ, कुठलंही काम हलकं नसतं' हे वाक्य त्यांनी तीनदा मनात म्हटलं आणि तीनही वेळा त्यात आपलाच आवाज खोटा ऐकू आला.

शेताच्या रस्त्याला एक टेम्पो उभा होता. त्यात चार मोठे कॅन होते आणि मेहुणा, मावशी आणि ते तिघे मिळून पाचवा चढवत होते. वास ओळखीचा होता, फक्त त्यात कांदा नव्हता.

"भाऊजी, आज मंगळवारी कसे?" मेहुण्याने विचारलं.

काकांनी कॅनवर बोट ठेवून, हे काय, एवढंच विचारलं. मग हळूहळू उलगडा झाला. उशीखालचा अहवाल काकूंनी चादर बदलताना वाचला होता. त्याच्या पाठीवर, जिथे काकांनी पाहिलंच नव्हतं, कारण त्यांच्या कचेरीत कागदाच्या पाठीवर काही लिहायची परवानगी नव्हती, तिथे लिहिलं होतं: 'योग्य भट्टीत काढलेले तेल असल्यास अवश्य पाठवावे.' काकूंनी भावाला कळवलं. पाच जणांनी पाला एकत्र केला, दोन तालुके ओलांडून भट्टीवर नेला, तीन दिवस तिथेच मुक्काम ठोकला. कालच कारखान्याचा होकार आला होता. पुढच्या खेपेला पुदिनाही हवा होता.

"म्हणजे तू येत नाहीस," फाईलकाका म्हणाले. "गेटवर."

"नाही."

"अरे, मग सेक्रेटरींना कळवायला नको का? उद्या तिथे माणूस लागणार."

मेहुण्याने कॅनचं झाकण उगाच घट्ट केलं. "त्यांना मी पाच महिन्यांपूर्वीच नाही म्हणून कळवलंय. त्यांनी दुसरा माणूस ठरवलाही. ताईला माहीत आहे."

फाईलकाकांनी हिशेब केला. पाच महिन्यांपूर्वी तेल नव्हतं, कापणी नव्हती, कारखाना नव्हता. पाच महिन्यांपूर्वी म्हैस होती. म्हणजे सेक्रेटरींना माहीत होतं, काकूंना माहीत होतं, बहुधा कंपाउंडरांनाही माहीत होतं, आणि साऱ्या बिल्डिंगमध्ये एकटे तेच तेवढे वॉचमनच्या धास्तीने जगत होते. त्यांच्या कानशिलांपर्यंत संताप चढला.

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही कुणाला? मी वेडा म्हणून कुकर फोडत बसलो होतो?"

"सांगितलं असतं तर तुम्ही यायचे थांबला असता," मेहुणा म्हणाला.

मावशी आणि ते तिघे टेम्पोच्या पलीकडच्या बाजूला गेले. मेहुणा इतका वेळ कधी सलग बोलत नसे. त्यामुळे बोलताना तो काकांकडे न बघता पायाखालच्या मातीकडे बघत होता.

"म्हशीनंतरच्या गुरुवारी मला वाटलं, आता काही भाऊजी येत नाहीत. मी सामान बांधायलाच घेतलं होतं. तर तुम्ही तीच पँट इस्त्री करून, त्याच बसने आलात. आणि आल्या-आल्या मला विचारलंत, आज काय केलंस? भाऊजी, बाबा गेल्यापासून या रानात मला ते कुणी विचारलेलं नाही. मी नांगरलं काय आणि नाही नांगरलं काय, कुणाला कळत नव्हतं. पीक येत नव्हतं म्हणून मी निघालो नव्हतो. कुणी विचारत नव्हतं, म्हणून निघालो होतो."

फाईलकाकांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसला. मग डोळे पुसले, आणि मग चष्मा पुन्हा पुसावा लागला. इतकी वर्षं दर संध्याकाळी ते रेकॉर्ड रूमच्या शिपायाला हाच प्रश्न विचारत आले होते, आणि शिपाई त्यांच्या पाठीमागे काय म्हणत असे तेही त्यांना ठाऊक होतं. हा प्रश्न कुणाला हवासा वाटेल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आपल्याला खूप आनंद झाला आहे, हे त्यांच्या जरा उशिरा लक्षात आलं.

टेम्पो निघून गेला. मावशी आणि बाकीचे आपापल्या रानाकडे वळले. दोघे बांधावर बसले. मग फाईलकाकांनी घसा साफ केला.

"बरं," ते म्हणाले, "आज काय केलंस?"

मेहुण्याने सकाळपासून सांगायला सुरुवात केली. त्याने आधी विहिरीवर जाऊन मोटर चालू केली होती, मग ब्राह्मी वरून काढून खालच्या दलदलीत आणली होती, मग वाळा. फाईलकाका प्रत्येक गोष्टीला मान डोलावत ऐकत होते, आणि परतीची पहिली बस निघून गेली तरी त्याचं सांगणं संपलं नव्हतं.